पेवांच्या गल्लीतली विहीर

माझा बाप साताऱ्यात जमिनीला कान लावायचा. डोंगरावरनं शहरात पाणी यायचं ते जमिनीखालनं, भाजक्या मातीच्या नळांतनं. नळ कुठं फुटला, कुठं चोंदला हे हुडकायचं काम आमच्या घराण्याकडं होतं. बाप रस्त्याच्या कडेला आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि बराच वेळ हलायचाच नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, ह्याला दुपारीच झोप लागली. मीही त्याच्या शेजारी आडवा पडून ऐकायला शिकलो. खालनं पाणी जाताना कसा आवाज येतो ते सांगून कळायचं नाही. भिंतीपलीकडं बायका बोलत असाव्यात, आवाज ऐकू यावा आणि शब्द लागू नयेत, तसा. त्या आवाजानं गुंगी यायची. पेठेतली घरं, देवळं, बाजार सगळं वर तरंगतंय आणि खरं गाव खाली वाहतंय असं वाटायचं.

म्हणजे मी पाण्याचा माणूस. नळ बसवणं, झरे मोकळे करणं, विहिरी खणणं. आणि माझं लग्न झालं सांगलीला, पेवं खणणाऱ्याच्या घरात. पाण्याला जे दुष्मन मानतात त्यांच्यात.

पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी. वरचं तोंड एवढंच, की माणसानं खांदे चोरून उतरावं. खाली पोट मात्र घागरीसारखं सुटलेलं. आतनं उसाचा पाला लावायचा, हळकुंडं भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि फरशीवर माती लोटायची. मग वर्षानुवर्षं हळद तशीच राहते. वरनं बैलगाड्या जातात, म्हशी रवंथ करत बसतात, आणि नवख्या माणसाला पत्ता नसतो की आपण हळदीच्या ढिगावर उभे आहोत. सांगलीच्या कडेला, हरिपूरकडं जाणाऱ्या वाटेवर, अशी एक सबंध गल्ली होती. वर पाच-पंचवीस घरं आणि खाली दुसरी गल्ली, बिनदाराची, बिनमाणसांची, पिवळी.

सासऱ्यानं मला पहिल्यांदा रिकाम्या पेवात उतरवलं तो दिवस माझ्या डोळ्यांपुढनं जात नाही. चैत्राचं ऊन वर रखरखत होतं आणि खाली गार. वर बघितलं तर आभाळ वाटीएवढं. त्या वाटीतनं उन्हाची एक काठी सरळ खाली आलेली, आणि काठीत हळदीची धूळ हळूहळू फिरत असलेली. मी सहज हुंकार दिला तर तो भिंतीवरनं फिरून माझ्याच पाठीमागनं आला. जणू माझ्यामागं दुसरा मी उभा होता आणि तो माझ्यापेक्षा जास्त शहाणा होता. मी पाल्यावर टेकलो आणि कवा डोळा लागला ते कळलं नाही. स्वप्नात मी चालत होतो, या पेवातनं त्या पेवात, सगळ्या शहराच्या खालनं. माझे हात पिवळे, पाय पिवळे, आणि वरनं माणसांच्या चालण्याचा आवाज पावसासारखा.

वरनं सासरा ओरडला, "जावईबापू! सासुरवाडीला येऊन पेवात झोपताय व्हय? वर बाजलं टाकलंय की!"

सासरा उंच, वाळका, बोलणं कमी. एकदा बोलला की ते बोलणं अंगात काट्यासारखं राहायचं. त्याला मी मामा म्हणायचो. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि माझी बायको ही एकुलती एक लेक. दुसरी जर्मन लढाई नुकती संपली होती, साताऱ्यात हाताला काम राहिलं नव्हतं आणि इकडं मामा थकत चालले होते. म्हणून आम्ही सांगलीला आलो. पण मी आधीच सांगितलं, सासऱ्याच्या घरात राहणार नाही. घरजावई म्हणवून घेणाऱ्यातला मी नव्हे. गल्लीच्या वरच्या अंगाला मोकळी जागा पडली होती, ती मागून घेतली. कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर गवती छप्पर घातलं. घर झाकायला छप्पर पुरेसं असतं आणि मानाला स्वतःचं दार.

साताऱ्याची माझी सवय अशी, की न्हाणीचं पाणी वाया घालवायचं नाही. मागच्या अंगाला न्हाणी केली, तिच्या तोंडाशी केळी लावल्या, शेजारी अळू लावलं. बायको बघत उभी होती.

"इथं केळ लावत न्हाईत," ती म्हणाली.

"का?"

"न्हाईत लावत."

"अगं, पर का?"

"मला काय ठावं? आमच्या गल्लीत कुणीच लावत न्हाई."

कारण सांगता येत नसेल तर ती रीत कसली, असं मी म्हणालो. गल्लीतल्या बायका अंघोळीचं, भांड्याचं पाणी बादलीत धरून खाली ओढ्याच्या अंगाला नेऊन टाकायच्या. म्हशी पाजायची जागा खाली, धुण्याचा दगड खाली. मला वाटलं, ही माणसं हळदीच्या नादात हिरवा रंग विसरली. केळी मात्र लागल्या त्या लागल्याच. वर्षाच्या आत घराच्या पाठीशी हिरवं बेट झालं. दुपारी पानं हलली की छपरात हिरवा उजेड यायचा आणि घर पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. मी त्या उजेडात पडून राहायचो आणि मला साताऱ्यातला बाप आठवायचा.

बायकोला दिवस गेले, ते दुसऱ्या वर्षी.

त्या गल्लीत पाणी म्हणजे कृष्णा. दरडीची वाट उतरून जायचं, हंडा भरायचा आणि तीच वाट चढून यायचं. बायकोला आमच्या घरचं भरावं लागे आणि बापाच्या घरचंही. मी सकाळी कावड घेऊन जायला लागलो. बायका घाटावर हसायच्या.

"काय गं, तुझा नवरा पाणी भरतुया? सासऱ्यानं लावला व्हय कामाला?"

बायकोला त्या हसण्याचा त्रास व्हायचा. मला होत नव्हता असं नाही, पण त्या हसल्या म्हणून मी एक खेप जास्त आणायचो. तरी दिवसभर मी कामावर. दुपारी पाणी संपलं की ती हंडा उचलायचीच. एका दुपारी दरडीच्या वाटेवर तिचा पाय सरकला. हंडा गडगडत नदीपर्यंत गेला आणि ती एका मुळीला धरून बसून राहिली. शेजारच्या कल्हईवाल्या चाचांनी तिला हात देऊन वर आणलं. तिला लागलं नव्हतं. पण मी घरी आलो तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून.

मी पहार उचलली आणि मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मामा, मी दारात हीर खणणार."

मामा पेवाला लावायच्या पाल्याच्या पेंढ्या बांधत होते. हात थांबला नाही. "खणू नगा."

"तुमची लेक दरडीवरनं पडली असती आज."

"मला कळलंय. पर तुमच्या घराच्या अंगाला माझं पेव हाय. ह्याच महिन्यात हळद भरायची हाय त्यात. हिरीची ओल चढली तर सारी हळद काळी पडंल."

"पाणी तुमच्या पेवाच्या बुडाच्या बी लय खाली हाय. खालचं पाणी वर चढत न्हाई. माझा बाप..."

"तुमचा बाप सातारला. हितं माती येगळी."

"माती येगळी, पर पाणी तेच!"

आवाज ऐकून चाचा भाता सोडून आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. भांड्याला कल्हई करता करता सगळ्यांच्या भांडणात लक्ष. ते मला म्हणाले, "अरे भाई, तू पाणी हुडकतोस का भांडण? भांडणच पाहिजे आसंल तर हितं खणायची गरज न्हाई, वरच मिळंल."

मामांनी पेंढी खाली ठेवली. मग माझ्याकडं वळून बोलले.

"खणा. मी न्हाई म्हणत न्हाई. पर माझ्या पेवात मी मिठाचा खडा टांगतो. जवर खडा कोरडा, तवर तुमी खणा. खडा पाझरला की पहार खाली ठेवायची. कबूल?"

पेव खणणाऱ्यांची ही पिढीजात पारख. नव्या पेवात हळद घालायच्या आधी फडक्यात मिठाचा खडा बांधून टांगायचा. जमिनीत नावालाही ओल असली तर मीठ ती धरतं आणि फडकं भिजतं. मी साक्षीला चाचांना घेतलं आणि कबूल म्हणालो. मला माझ्या हातावर भरवसा होता. आजही आहे.

मग मी घरापुढं खणायला लागलो. मी खाली, आणि वर चाचा नाहीतर मोकळा असलेला कुणीतरी पाटी ओढायला. वरची काळी माती सरली आणि खाली पिवळसर, चिकण, मेणासारखी माती लागली. पहार घातली की हळू आवाज करून जायची. तिला ना वास ना ओल. साताऱ्याच्या मातीत मी जन्म काढलेला, तिथं हातभर खाली गेलं की दगड बोलायला लागतो. ही माती बोलत नव्हती, ऐकून घेत होती. जसजसा खाली गेलो तसतसा गल्लीचा आवाज वर राहून गेला. भात्याची फुसफूस, कोंबड्या, बायकोची खोकल्याची उबळ, सगळं कुणीतरी कापडात गुंडाळून आभाळात टांगल्यासारखं. कधी पहार थांबवून मी भिंतीला कान लावायचो. पाणी ऐकू येत नव्हतं. पण एकदा दुपारी मला अगदी स्पष्ट कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. बाजूच्या पेवांच्या पोटातली हवा असंल. का माझाच श्वास असंल. मी पुष्कळ वेळ तसाच उभा राहिलो, पहार हातात, आणि वाटलं की मी कुणाच्या तरी घराच्या भिंतीला कान लावून उभा आहे आणि आतल्या माणसाला ते ठाऊक आहे.

दर सकाळी मामा पेवात उतरून फडकं बघायचे आणि वर येऊन नुसतं म्हणायचे, "कोरडं."

मी म्हणायचो, "राहणारच."

बायको दोघांच्या मधे उभी, हातात भाकरी. तिला वडलांची हळदही पाहिजे आणि दारात पाणीही. कुणाच्या बाजूनं बोलावं ते तिला कळत नव्हतं. पण पाय सुजायला लागले होते आणि दरडीच्या वाटेकडं ती आता बघायचीही नाही, हे मी बघत होतो.

एका सकाळी मामा पेवातनं वर आले ते फडकं सोडून घेऊनच. फडकं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. ओलं होतं. मिठाचा खडा लहान झालेला, कडा गळून गेलेल्या.

"पहार ठेवा," ते म्हणाले.

"न्हाई ठेवत."

"कबूल केलंय."

"केलंय. पर माझ्या हिरीत अजून थेंब न्हाई. जी हीर स्वतः कोरडी हाय ती तुमचं मीठ कशी भिजवंल? या खाली. हात लावून बघा."

चाचा म्हणाले, "बरोबर हाय. मी साक्षीदार. आधी बघा, मंग भांडा."

मामा दोर धरून माझ्या खड्ड्यात उतरले. आम्ही दोघं तळाला उभे, खांद्याला खांदा. माझ्या आयुष्यात मी सासऱ्याच्या एवढा जवळ कधी उभा राहिलो नव्हतो. त्यांच्या अंगाला हळदीचा वास यायचा, कातडीतनं आल्यासारखा. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीवरनं हात फिरवला. आंधळा माणूस नातवाचं तोंड चाचपतो तसा. वरनं खाली, खालनं वर. वरनं वाटीएवढा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. मला वाटलं, किती वेळ गेला कोण जाणे, ऊन सरकलं, वर दिवस मावळून परत उगवला.

"कोरडी हाय," ते म्हणाले. मग हळूच, "चांगली खणलीया."

एवढंच. पण ते मी अजून जपून ठेवलंय.

मग आम्ही त्यांच्या पेवात उतरलो. खडा जिथं टांगला होता त्याच्या मागं, पोटाच्या फुगवट्यावर, भिंतीला एक काळसर डाग पडला होता. तळहाताएवढाच, पण बोट लावलं की गार. माझ्या हिरीकडच्या बाजूला तो नव्हताच. दुसऱ्याच बाजूला होता.

मामा म्हणाले, "हितं वर काय हाय?"

"वर? काय की. पडीक जागा आसंल."

"तुमी वर जावा. पहारीनं जमीन ठोका. मी खाली डागाला कान लावतो. बरोबर वर आला की हाक मारीन."

मी वर आलो. पेवाच्या तोंडापासनं ठोकत निघालो. पेवाचं तोंड इथं, मग त्याचं पोट कुठवर पसरलंय ते वरच्या माणसाला दिसत नाही. वर जे अंतर मोकळं दिसतं ते खाली मोकळं नसतं. वर दोन घरांच्या मधे वाट असते, खाली दोघांची पोटं टेकलेली असतात. मी ठोकत होतो आणि खालनं मामांचा आवाज येत होता, जमिनीतनं, माझ्या तळपायांतनं. "फुडं. आणि फुडं. डावीकडं." मी माझ्या घराच्या कुडाला वळसा घातला. "आणि फुडं." न्हाणीपाशी आलो. पहार खाली घातली आणि खालनं हाक आली.

"हितंच!"

मी केळीच्या बेटात उभा होतो.

बायको न्हाणीच्या दगडावर भांडी घासत होती. तिनं वर बघितलं, माझी पहार बघितली, केळीची मुळं बघितली. हातातला तांब्या तसाच राहिला.

"मी म्हणलं हुतं, इथं केळ लावत न्हाईत," ती म्हणाली.

कधीमधी सांडलेलं पाणी ऊन वरच्यावर पिऊन टाकतं. रोज त्याच जागी, केळीच्या सावलीत जिरलेलं पाणी मात्र मुळांच्या आधारानं खाली वाट काढतं. मामांना छपराआडचं हे बेट दिसलंच नव्हतं. लेकीला पहिलं मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं ते दारापर्यंत यायचे आणि तिथनंच परत फिरायचे. मागच्या अंगाला त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता पेवातनं वर येऊन ते कुडाच्या कोपऱ्यावर थांबले आणि केळींकडं बघत राहिले. वारा होता. पानं हलत होती. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होती.

मी म्हणालो, "केळी तोडतो. न्हाणी बुजवतो. माझी हीर सुटली. हिरीचा काय दोष निघाला का? न्हाई निघाला. मंग खणू द्या."

चाचांनी मान डोलावली, "बात बरोबर हाय."

बोलली ती बायको. बापापुढं आणि नवऱ्यापुढं एकाच वेळी बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"आवं, आता नदीवरनं पाणी येतंय तवा मी थेंबाथेंबानं वापरते. तरी एवढं पाणी खाली गेलं. दारात हीर झाल्यावर मी काय तसंच वापरीन व्हय? बाळाची दुपटी, माझी अंघोळ, आल्यागेल्याचे पाय. मग शेजारीण बी येईल, तिची बी धुणी. हीर ओली असू दे न्हाईतर कोरडी, आमीच ओल करणार. हात सैल सुटतोच."

आम्ही तिघं पुरुष उभे. मी हिरीच्या भिंतीचा विचार केला होता, खालच्या झऱ्याचा केला होता. वर येऊन पाणी कुठं जाणार हा विचार केला नव्हता. साताऱ्यात तो करावा लागत नाही, तिथं उतार आहे. डोंगर पाणी देतो आणि उतार घेऊन जातो.

मामा हळू म्हणाले, "माझ्या घरी या ऱ्हायला. पाणी मी आणीन."

ते मनापासनं म्हणाले हे मला कळत होतं. पण घरजावई हा शब्द आठवून माझी कानशिलं तापली. केळी तोडल्या, कंद उपसले, न्हाणी दगडमातीनं बुजवली. छपरात आता हिरवा उजेड नव्हता, नुसता पांढरा होता. बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी आढ्याकडं बघत बसलो. छप्पर बघता बघता मला ते छप्पर वाटेना. मोठं जनावर अंग चोरून बसलंय आणि उठायची वाट बघतंय, असं वाटायला लागलं.

सकाळी मी छपराच्या दोऱ्या सोडायला लागलो.

चाचा धावत आले. "रुसून सातारला चाललास काय रं?"

"सातारला न्हाई. खाली."

गल्ली जिथं ओढ्याकडं उतरते तिथं, धुण्याच्या दगडापलीकडं, कुणी घर बांधत नव्हतं. पुराला पहिलं पाणी तिथं येतं. पण तिथं पेवं नव्हती आणि जमीन ओढ्याकडं उतरती होती. सांडेल ते ओढ्यात जाणार. मी म्हणालो, विहीर घरापाशी येत नाही ना, मग घर विहिरीपाशी नेतो. हार मानून सासऱ्याच्या घरात गेलो नाही आणि हट्ट धरून सासऱ्याची हळदही नासवली नाही. ज्याला यात माघार दिसत असेल त्यानं एकदा स्वतःचं छप्पर उचलून बघावं.

गवती छप्पर मोडलं तर निम्मं वाया जातं. म्हणून ते सबंधच उचलायचं. गल्लीतले गडी जमले, मामाही आले. बांबूच्या कडांना खांदे दिले आणि छप्पर वर उठलं. मी मधल्या वाशाखाली होतो. आत अंधार, गवताचा वास, आणि सगळीकडं पाय. बाहेरनं बघणाऱ्याला एक घरच पायांवर उठून उताराला लागलेलं दिसलं असेल. कोंबड्या बाजूला झाल्या. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी "सांभाळा, पेव हाय, पेव हाय, कडंनं" असं सांगत होतं. पाय पडत होते आणि खालनं तो पोकळ आवाज येत होता, घुम्म घुम्म, एका पेवावरनं दुसऱ्या पेवावर. मग एका जागी तो आवाज बंद झाला. पाय भरीव जमिनीवर पडायला लागले. तेव्हा मला कळलं की आपण पोहोचलो.

नव्या जागी खणलेली माती पाट्यांनी वर नेली आणि जुना खड्डा बुजवला. मामांच्या पेवात खडा आणखी काही दिवस टांगला. तो कोरडा राहिला आणि डाग सुकला. मग हळद भरली.

त्या साली गल्लीतल्या लोकांनी पारावर बसून ठरवून टाकलं, की वरचं अंग कोरडं, खालचं ओलं. पेव खणायचं त्यानं वर खणावं, पाण्याचं जे काही करायचं ते खाली करावं. मधली वाट कुणीच खणायची नाही. नवीन कुणी राहायला आला की आधी त्याला खाली कुणाचं काय आहे ते फिरून दाखवायचं. पुढं शहर वाढलं, आमची गल्ली त्याच्या पोटात गेली. आता एक जण येतो, रस्ता फोडून नळ घालतो. रस्ता बुजतोय न बुजतोय तोवर दुसरा येतो, गटार घालतो. तिसरा तार घालतो. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. वर घरं बांधताना फुटाफुटाचं भांडतात आणि खाली मात्र धर्मशाळा. मी काठी घेऊन जातो आणि सांगतो. पोरं म्हणतात, आजोबा, बाजूला व्हा, लागंल. मी बाजूला होत नाही.

नव्या विहिरीत पाणी लागलं तेव्हा मी तळाला होतो. आधी पायाखाली गार लागलं. मग मातीनं रंग बदलला. मग एका कोपऱ्यातनं, कुणी झोपेत ओठ हलवावेत तसं, बारीक हलायला लागलं. मी पहार बाजूला ठेवली आणि कान लावला. ऐकू आलं. साताऱ्याच्या त्या बायका इथवर आल्या होत्या.

पाणी निवळायला दिलं. वर आडवं लाकूड टाकलं, त्याला चाक लावलं. बायकोला आता दिवस भरत आले होते. ती दारातनं निघाली आणि चार पावलांत विहिरीशी आली. दरड नव्हती, चढ नव्हता, हसणाऱ्या बायका नव्हत्या. मी बादली सोडायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. स्वतः सोडली, स्वतः ओढली. चाक करकरलं. ओंजळ भरून तिनं पाणी तोंडाशी नेलं, डोळे मिटून प्यायली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"तुरट हाय," ती म्हणाली आणि मोठ्यांदा हसायला लागली. पोट धरून, बादलीच्या काठावर हात टेकून.

ते पाणी तुरट नव्हतं. गोड होतं. पोरगी झाली तिला पहिली अंघोळ त्याच पाण्यानं घातली, आणि मी अजून त्याच विहिरीचं पितो.